बॅटरी कुठं ठेवायची?

शीर्षक वाचून घाबरू नका, मी म्हातारपणी इन्व्हर्टरचं दुकान काढलेलं नाही. ही बॅटरी आहे एका छोट्याशा शिडाच्या बोटीतली. ती कुठं ठेवायची या एका प्रश्नावर २०२४ च्या मे-जूनमध्ये लेकीच्या घरी जवळजवळ तीन आठवडे खलबतं चालली होती. पुण्याच्या वन्सं अजून दर फोनला विचारतात, "तुमच्या त्या बोटीचं काय ठरलं हो शेवटी?" आता फोनवर हे सगळं सांगायचं म्हणजे कठीणच. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

लेक-जावई अमेरिकेत मेरीलँड राज्यात, अ‍ॅनापोलिसच्या जवळ राहतात. तिथं चेसापीक नावाचा मोठा उपसागर आहे. नकाशात बघितलं तर समुद्राचा एक लांबच लांब हात जमिनीत शिरलेला दिसतो. गावाजवळच्या पाण्याला ते लोक सेव्हर्न नदी म्हणतात, पण मला विचाराल तर ती खाडीच. पाणी खारट-मचूळ, भरती-ओहोटीही आहे. फक्त ती फूटभराची. आमच्या रत्नागिरीकडं ओहोटीला होड्या चिखलात लोळताना बघितलेल्या माणसाला ही भरती म्हणजे चेष्टाच वाटते. उपसागर एवढा अफाट, पण सरासरी खोली एकवीसेक फूट. त्यामुळं उथळ पाण्यात चालणाऱ्या लहान बोटी तिथं ढिगानं.

तशीच एक जुनी, सेकंडहँड, २२ फुटी बोट जावयांनी घेतली. २२ फूट म्हणजे साधारण आमच्या शाळेतल्या एका वर्गखोलीची लांबी. रुंदी मात्र पावणेआठ फूटच. तिची रचना आधी डोळ्यांसमोर आणा, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पुढे नाळेच्या आत एक तिकोनी बिछाना. त्याच्या मागे दोन्ही बाजूंना बसायची बाकं. मग एक पायरी, त्या पायरीवरून वर चढलं की उघड्यावर सगळ्यांनी बसायची नि सुकाणू धरायची जागा. त्या उघड्या जागेच्या खाली, एका बाजूला, बोगद्यासारखा एक लांबट बिछाना सरकवलेला. आणि अगदी मागं, सुकाणूपाशी, झाकणाचा एक कप्पा. त्याच्याही मागं बाहेरच्या बाजूला सहा हॉर्सपॉवरची छोटी मोटार लटकवलेली. वारा पडला तर घरी यायला ती.

आधीच्या मालकानं बॅटरी त्या मागच्या कप्प्यात ठेवली होती. गाडीची साधी बॅटरी, वरून पाणी घालायची, प्लॅस्टिकच्या डब्यात, नि तिला नायलॉनची एक सैल दोरी. शेजारी, अगदी खेटून, पेट्रोलची लाल टाकी. टर्मिनलवर हिरवट-पांढरं फूल आलेलं. ते बघून लेक म्हणाली, "हे नीट झाल्याशिवाय मी पोराला रात्रीच्या मुक्कामाला नेऊ देणार नाही." नातू नऊ वर्षांचा. बोटीवर झोपायचं म्हणून त्यानं जानेवारीपासून दिवस मोजायला घेतलेले. तेव्हा प्रश्न बॅटरीचा असला तरी पणाला काय लागलं होतं हे तुमच्या लक्षात आलं असेल.

जावयांचं म्हणणं, नवी बॅटरी आणू नि तिथंच घट्ट बांधू. "जागा तयार आहे आई, वायरी तिथवर आलेल्या आहेत, मोटारही जवळ." लेकीचं म्हणणं, पेट्रोलजवळ नको, त्या बोगद्यातल्या बिछान्याखाली पोकळी आहे तिथं ठेव. आणि तो बिछाना कुणाचा? नातवाचा! मग दोघं गप्प. मग दोघं माझ्याकडं बघायला लागली. का, तर मी गलबतावरच्या माणसाची मुलगी.

आमचे बाबा तांडेल होते. गलबतं मंगलोरहून कौलं घेऊन वर यायची, त्या काळातली गोष्ट. आम्हा मुलींना गलबतावर कोण नेणार, पण माल भरताना धक्क्यावर बसून बघायला मनाई नव्हती. जड ते तळाशी आणि मध्ये, हलकं ते वर, नि पुढच्या-मागच्या टोकांना शक्य तो काही नाही, हे मी शाळेत जायच्या आधी पाहिलंय. मी सात-आठ वर्षांची असताना बाबांचे थोरले भाऊ दुसऱ्या एका गलबतावर गेले ते आले नाहीत. वाऱ्यात कलल्यावर आतला माल एका अंगाला सरकला, असं वाचून आलेल्या एका खलाशानं सांगितलं. बाबांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. पण त्यानंतर खाडी सोडायच्या आधी ते प्रत्येक पिंपाला, प्रत्येक पेटीला खांद्यानं एक धक्का देऊन बघायचे. हललं की पुन्हा बांधायचं, मग भरती टळो नाहीतर राहो.

असो. पण मी काही तांडेल नाही. मी मराठीची बी. ए., शाळेत मराठी नि इतिहास शिकवला. एवढंच की चार वर्षं आमच्या शाळेला विज्ञानाचे शिक्षक मिळाले नव्हते, तेव्हा सातवीचं विज्ञान माझ्या गळ्यात पडलं होतं. टेकू, भार, बल हे प्रकरण मी सी-सॉच्या फळीवर मुलं बसवून शिकवलेलं. तेच इथं कामाला आलं.

मी जावयांना विचारलं, "तुम्ही म्हणता मोटार जवळ आहे, पण मोटार चालू कशी करता तुम्ही?"

"दोरी ओढून."

"मग तिला बॅटरी लागते कशाला?"

ते जरा थांबले, नि हसले. खरं होतं ते. मोठ्या मोटारीला स्टार्टर असतो, त्याला क्षणभर का होईना पण जबरदस्त करंट लागतो. १२ व्होल्टवर तेवढा करंट लांबच्या बारीक वायरीतून न्यायचा म्हटलं तर वाटेतच व्होल्टेज पडतं. म्हणून तिथं बॅटरी जवळ नाहीतर वायर दांडगी, असा हिशोब. दोरीनं चालू होणाऱ्या मोटारीला यातलं काहीच लागू नाही. तेव्हा "मोटारीजवळ" हे कारण गळालं.

मग मी वही काढली. (माझ्या भाच्यांनो, हसू नका. वहीशिवाय मला विचार करता येत नाही.) बॅटरी कुठं हे ठरवायच्या आधी बॅटरी केवढी हे ठरवायला नको? जावयांच्या डोक्यात १०० अँपिअर-अवरची होती, तीसेक किलोची. मी म्हटलं, रात्रभरात जळणार काय काय ते सांगा. डोलकाठीच्या टोकाचा दिवा, आता एलईडी, २ वॉट, दहा तास: २० वॉट-अवर. आतले दोन दिवे ३-३ वॉटचे, चार तास: २४. रेडिओ नुसता ऐकत ठेवला तर ५ वॉट धरू, दहा तास: ५०. पाण्याची खोली सांगणारं यंत्र दिवसा आठ तास, ३ वॉट: पुन्हा २४. दोन मोबाइल: ३०. बेरीज झाली १४८, दीडशे धरा. भागिले १२ व्होल्ट, म्हणजे साडेबारा अँपिअर-अवर! रेडिओवर आपण बोलतो तेव्हा तो पाचेक अँपिअर खातो, पण बोलणार किती, मिनिटभर. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, तिचं आयुष्य घटतं. म्हणजे ५५ अँपिअर-अवरची घेतली तरी दोन रात्री सहज निघतात. आणि वजन १७ किलो.

माझ्या मते सगळ्या चर्चेतली महत्त्वाची गोष्ट हीच. तीस किलोचं धूड ठेवायला बोटीत दोनच जागा होत्या. नऊ इंच लांब, साडेपाच इंच रुंद नि नऊ इंच उंच अशा ठोकळ्याला एकदम पाच जागा झाल्या.

लिथियमचाही विषय निघाला. जावयांना तीच हवी होती. बोटीत वापरतात ती लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी तशी मोबाइलमधल्यापेक्षा शांत स्वभावाची, वजनाला निम्मी, आणि बरीच खोलवर उतरवली तरी चालते. पण शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, घरचा जुना चार्जर तिला चालत नव्हता, आणि किंमत बघून लेकीनं कपाळाला हात लावला. शेवटी एजीएम घ्यायचं ठरलं. ही शिशाचीच, पण आतलं आम्ल काचेच्या तंतूंच्या बोळ्यात जिरवलेलं, त्यामुळं बोट कलली म्हणून सांडत नाही. चार्ज होताना वायूही एरवी जवळजवळ सोडत नाही.

या वायूबद्दल दोन शब्द सांगते, कारण आपल्या घरोघरी इन्व्हर्टर आहेत नि कुणी याचा विचार करत नाही. शिशाची बॅटरी जास्त चार्ज झाली की पाण्यातून हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीनं पेटू शकतो. हलका असल्यामुळं वर जातो, म्हणून वरच्या बाजूला वाट ठेवली की प्रश्न मिटतो. पेट्रोलची वाफ नेमकी उलटी, हवेपेक्षा जड. ती खाली साठून राहते. आता एकाच बंद कप्प्यात पेट्रोलची टाकी नि बॅटरी ठेवा, आणि बॅटरीची एखादी तार सैल होऊन ठिणगी पडू द्या... पुढचं मी लिहीत नाही. अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या नियमांत पेट्रोलच्या टाकीच्या थेट वर किंवा थेट खाली बॅटरी बसवायला मनाईच आहे. तो नियम आतल्या बाजूला पेट्रोल इंजिन असलेल्या बोटींसाठी आहे, आमच्यासारख्या बाहेर मोटार लटकवलेल्यांना सक्ती नाही. पण पेट्रोलला काय ठाऊक कुणाला सक्ती आहे नि कुणाला नाही!

मागचा कप्पा तिथंच बाद झाला. नातवाच्या बिछान्याखालची जागाही मी बाद करायला लावली. एजीएम असली तरी. चार्जर बिघडला तर ती बॅटरीसुद्धा तापते, वायू सोडते, आणि तो बोगदा तिन्ही बाजूंनी बंद. आणखी एक. शिशाच्या बॅटरीतल्या आम्लात समुद्राचं पाणी मिसळलं तर क्लोरिन तयार होतो, विषारी. जुन्या पाणबुड्यांमधल्या खलाशांना याची फार धास्ती असे. पोराच्या उशाखाली असली वस्तू ठेवायची कशाला? "शक्यता फार कमी आहे, आई," जावई म्हणाले. मी म्हटलं, "कमी आहे, मान्य. पण दुसरी जागा असताना तेवढी तरी का घ्या?" यावर ते काही बोलले नाहीत. माणूस गुणी आहे, पटलं की वाद लांबवत नाही.

राहिल्या तीन जागा. नाळेतल्या तिकोनी बिछान्याखाली, बाकाखाली आणि पायरीखाली.

नाळेची जागा नातवानं सुचवली होती. सगळे मागं बसतात तर वजन पुढं टाकू, तोल साधेल, असं त्याचं म्हणणं, आणि फळीच्या हिशोबानं ते चूक नाही. मोटार २७ किलो, भरलेली टाकी नऊ किलो, तीन-चार माणसं, सगळं मागंच. पण बोट नुसती फळीसारखी स्थिर नसते, लाटेवर वर-खाली झुलते. टोकाला ठेवलेलं वजन झुलायला लागलं की लवकर थांबत नाही. आणि इथं अंतराचा वर्ग येतो. मध्यापासून आठ फुटांवरचे १७ किलो नि दोन फुटांवरचे १७ किलो यांत झुलण्याच्या बाबतीत चौपट नव्हे, सोळापट फरक. त्याला मी झोपाळ्यावर बसवून, हात पसरून नि आवळून गिरक्या घ्यायला लावल्या तेव्हा पटलं. (मला बघूनच चक्कर आली ते वेगळं.)

त्यापुढं जे केलं ते माझ्या आवडीचं. बॅटरी विकत आणायच्या आधी आम्ही दुधाचे रिकामे प्लॅस्टिकचे गॅलनचे डबे पाण्यानं भरले, साडेचार डबे म्हणजे १७ किलो, आणि ते एकेका जागी ठेवून बघितले. लेक, जावई, नातू बोटीत नेहमीच्या जागी बसले, नि मी धक्क्यावर उभी राहून मागच्या बाजूला पाणी कुठवर येतं ते खडूनं खुणावलं. डबे मागच्या कप्प्यात असताना नि पायरीपाशी असताना, यांत फरक किती पडला म्हणता? बोट-दीड बोट! हजारेक किलोच्या बोटीला १७ किलोचं काय कौतुक. तेव्हा माझ्या मते वजनाचा मुद्दा खरा असला तरी एवढ्या लहान बॅटरीला तो दुय्यम. पेट्रोल, वायू आणि पोराचा बिछाना हे आधी. नावांचे शौकीन लोक वजनावरच तासन्‌तास बोलतात, कारण शर्यतीत त्यानं फरक पडतो. आम्हाला कुठं शर्यत जिंकायची होती?

बाकाखालच्या जागेत एक दोष होता. ती एका अंगाला. वीस-पंचवीस अंश कलली बोट की त्या बाजूचं पाणी आतल्या बाजूनंही तिथंच जमा होतं. शिवाय गाद्या, लाइफ जॅकेटं, भांडी, सगळं त्या कप्प्यात, म्हणजे टर्मिनलवर एखादा चमचा पडायची सोय. उरली पायरी. मधोमध, खाली, वाऱ्याला मोकळी, पेट्रोलपासून दहा फुटांच्या आसपास, आणि पायरी म्हणजे मुळात काढता येण्यासारखी एक पोकळ पेटीच. सगळ्यांना एकदमच वाटलं, ही एवढा वेळ दिसली कशी नाही! रोज तिच्यावर पाय देऊन उतरत होतो म्हणूनच दिसली नसेल.

तिथंही अडचण होतीच. बोटीचा सगळ्यात खोल भाग तोच, कुठूनही शिरलेलं पाणी तिथं येणार. जुन्या पाण्याचा डाग तीन बोटं उंचीवर दिसत होता. म्हणून खाली चार बोटं उंचीचं लाकडी बैठक केलं, ते तळाला पक्कं जोडलं, त्यावर डबा, डब्यावर झाकण, वरच्या कडेला हवेसाठी भोकं. धन टर्मिनलवर रबरी टोपी. आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी शेजारी. जावई तो दिव्यांच्या बटणांपाशी लावणार होते, पण मग बॅटरीपासून बटणांपर्यंतची वायर कुठं घासून उघडी पडली तर तिला राखणार कोण? फ्यूज वायरीच्या उगमाशी हवा, धरणाचा दरवाजा धरणापाशीच असतो तसा.

मग बांधणी. त्याच नियमावलीत बांधणी कशी तपासायची तेही दिलंय. ९० पौंड किंवा बॅटरीच्या वजनाच्या दुप्पट, यांतलं जे कमी असेल तेवढ्या जोरानं कुठल्याही बाजूला ओढली तर बॅटरी एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. मी ते वाक्य शब्दकोश घेऊन दोनदा वाचलं. आमच्या बाबांचा खांद्याचा धक्का इंच-पौंडांत लिहून ठेवलेला! दुप्पट म्हणजे ३४ किलो. आता ३४ किलोचा ओढा मोजायचा कसा? तर परदेशवारी करणाऱ्या प्रत्येक मराठी घरात जी वस्तू असतेच ती माझ्या पर्समध्ये होती: बॅगा तोलायचा आकड्याचा हातकाटा. तेवीस किलोच्या वर जाऊ नये म्हणून लोणच्याच्या बरण्या काढायला-घालायला लावणारा. तो पट्ट्यात अडकवला नि जावयांनी पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं, वर असा ओढला. नातू आकडा वाचत होता, मी फूटपट्टी धरून बसले होते. उजव्या बाजूला पहिल्या खेपेला सव्वा इंच हलली. पट्टा सोडला, बैठकीला एक लाकडी पट्टी ठोकली, पुन्हा ओढली. अर्धा इंच. चालेल म्हटलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ते तिघं एका शांत ओढ्यात नांगर टाकून राहिले. मी किनाऱ्यावर, घरीच. रात्री दहाला लेकीनं फोटो पाठवला. काळोखात काही दिसत नव्हतं, फक्त वर एक पांढरा ठिपका. सात मीटरपेक्षा लहान बोटीनं जा-ये नसलेल्या जागी नांगरून राहताना तो दिवा नाही लावला तरी नियमाला चालतं, नि आमची बोट पावणेसात मीटरची. पण लेकीनं तो लावायला लावला, नि सकाळपर्यंत तो जळत होता. सकाळी मीटर बघून जावयांनी कळवलं, वहीतल्या अंदाजापेक्षा वीज थोडी कमीच गेली.

बैठक केल्यामुळं पायरी पहिल्यापेक्षा इंचभर उंच झाली आहे. माझ्या गुडघ्यांसाठी नातवानं तिच्यावर खरखरीत काळी पट्टी चिकटवली, नि बाजूला एक लाकडी मूठ बसवून घेतली. बॅटरी तपासायची झाली की मात्र आतल्या माणसांना आधी बाहेर यावं लागतं, कारण पायरीच काढून ठेवावी लागते. मग कुणाला आतला चहाचा थर्मास हवा असला तर त्यानं थांबायचं. यावर काही तोड अजून कुणाला सुचलेली नाही.